आर्पाद घराणं वाचवायचं, तर फाटा कुठे पाडावा?

प्रश्न: ‘क्रुसेडर किंग्ज ३’ हा संगणकावरचा खेळ खेळून हंगेरीच्या आर्पाद घराण्याचा पर्यायी इतिहास लिहायला घेतला आहे. १३०१ मध्ये वारलेल्या, घराण्याच्या शेवटच्या राजाला, तिसऱ्या आंद्राशला, मुलगा होता असं धरलं, तर पुरेल का?

उत्तर: नाही. तोवर माटे चाकसारखे सरदार आपापल्या मुलुखाचे धनी झाले होते. पोरसवदा राजाला त्यांनी जुमानलं नसतं. फाटा, म्हणजे खऱ्या इतिहासापासून वेगळं वळण, ११६९ मध्ये पाडा. ११६३ मध्ये हंगेरीचा राजपुत्र बेला बायझंटाइन राजधानी कॉन्स्टँटिनोपलला गेला. बायझंटाइन सम्राट मान्युएलने त्याला अलेक्सिओस हे नाव आणि ‘देस्पोतिस’ हा दरबारी किताब दिला, आपली मुलगी मारिया देऊ केली. म्हणजे वारसच केलं. ११६९ मध्ये मान्युएलला मुलगा झाला आणि सोयरीक मोडली. तो जन्म वगळा, म्हणजे बेलाच सम्राट होईल.

खरी अडचण ११७२ ची. बेलाचा भाऊ तिसरा इश्तवान वारला, तेव्हा हंगेरीतल्या एस्तरगोमचा आर्चबिशप लुकाच बायझंटाइन दरबारात राहिलेल्या बेलाला राज्याभिषेक करायला तयार नव्हता. पोपची परवानगी आणावी लागली. भावी बायझंटाइन सम्राटाला तर विरोध आणखी कडवा. म्हणून दोन्ही मुकुट एका डोक्यावर ठेवू नका, हंगेरी बेलाच्या धाकट्या भावाला, गेझाला द्या. त्यांची आई युफ्रोसिने गेझाच्याच बाजूची होती, त्यामुळे हे पटतंही.

खेळ ११७८ या सालापासून सुरू केला, तर मात्र हा फाटा निसटलेला असतो.