एक्स-रे नॉर्मल, तरी खुबा दुखतोय? मग पुढची तपासणी कोणती?

‘एक्स-रे नॉर्मल आलाय, मग एमआरआय कशाला?’ हाडांच्या रुग्णांचं समुपदेशन करताना हा प्रश्न मला सारखा ऐकायला मिळतो. विचारणाऱ्याला कधी विनाकारण तपासण्या होतील याची काळजी असते, तर कधी त्याहून बोचरी शंका असते: फोटोत काही नाही म्हणजे माझं दुखणं मनाचंच की काय?

पस्तिशीतल्या एका ताईंना हीच शंका खात होती. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) ल्युपससाठी, म्हणजे प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते त्या आजारासाठी, त्या बरेच महिने स्टेरॉइडच्या गोळ्या घेत होत्या. उजव्या जांघेत दुखायला लागलं, कळ गुडघ्यापर्यंत उतरायची. म्हणून आधी गुडघ्याचाच एक्स-रे निघाला, नंतर खुब्याचा. दोन्ही नॉर्मल. मग घरातलं बोलणं बदललं. आधी ‘बस जरा’ म्हणणारे आता ‘रिपोर्ट चांगला आहे, तू फार मनावर घेतेस’ म्हणू लागले. माझ्यासमोर बसल्या बसल्या त्या म्हणाल्या, ‘मॅडम, मला खरंच दुखतं हो.’ सोबत मोठे भाऊ होते. ते म्हणाले, ‘ती खोटं बोलते असं नाही, पण फोटोत काहीतरी दिसायला हवं ना?’

स्टेरॉइड बरेच महिने चालू असल्यामुळे डॉक्टरांना शंका होती एव्हीएनची, म्हणजे रक्तपुरवठा तुटल्यामुळे हाडाचा भाग मृत होण्याची. मांडीच्या हाडाचा वरचा गोल डोका खुब्याच्या वाटीत बसतो. त्याला रक्त पोचवणाऱ्या वाहिन्या बारीक आणि मोजक्या. त्या बंद पडल्या की आतल्या पेशी मरतात, पण हाडाचा कॅल्शियमचा सांगाडा लगेच ढासळत नाही. घरातली माणसं गेली तरी भिंती काही काळ उभ्याच राहतात, तसं. एक्स-रेला दिसतात त्या भिंती. शरीर मृत भागाच्या कडेला नवं हाड रचू लागलं, किंवा डोका दबायला लागला, की मगच एक्स-रेवर खुणा उमटतात. एमआरआय मात्र हाडाच्या आतल्या मज्जेतली चरबी आणि पाणी टिपतो, त्यामुळे बदल कितीतरी आधी कळतात. या आजाराच्या टप्प्यांमध्ये पहिल्या टप्प्याची ओळखच अशी आहे: एक्स-रे नॉर्मल, एमआरआयमध्ये दोष. मी एवढं सांगितलं तेव्हा ताई रडल्या. तपासणी अजून व्हायचीच होती, पण दुखणं खरं असूनही फोटो स्वच्छ येऊ शकतो, एवढं कुणी त्यांना सांगितलंच नव्हतं.

एक्स-रे वाया गेला असं मात्र मी कुणालाही म्हणू देत नाही. सुरुवात त्यानेच करायची असते. फ्रॅक्चर, झिजलेला सांधा, दबलेला डोका हे त्यात कळतं. फक्त समोरून घेतलेला एकच फोटो पुरत नाही; पाय बाहेर वळवून बाजूचाही घ्यावा लागतो, कारण कूर्चेखालची चंद्रकोरीसारखी बारीक भेग कधी कधी त्यातच सापडते.

भावाचा पुढचा प्रश्न रास्त होता: ‘सीटी स्कॅन पटकन होतो, तोच करू या का?’ सीटी हाडाचा आकार आणि भेगा फार बारकाईने दाखवतो. पण मज्जेतला सुरुवातीचा बदल त्यात निसटतो, शिवाय किरणांचा मारा होतो. बोन स्कॅनमध्ये, म्हणजे शिरेतून किरणोत्सारी औषध देऊन काढलेल्या हाडांच्या फोटोत, रक्तपुरवठ्याचा अंदाज येतो, पण एमआरआयइतकी खात्री नाही. दोन्ही खुबे बिघडले असतील तर डाव्या-उजव्याची तुलनाही फसवी ठरते. तो मुख्यतः एमआरआय करता येत नसेल तेव्हा.

‘दुखतोय उजवा, मग दोन्हींचा एमआरआय का?’ कारण स्टेरॉइड काही एकाच पायात जात नाही. अशा रुग्णांत दुसरा खुबाही अनेकदा आतून बिघडलेला असतो आणि दुखत मात्र नसतो.

ताईंना मशीनच्या बोगद्याची धास्ती होती. हातात घंटा देतात, मधे थांबवता येतं, आवाज मोठा येतो म्हणून कानांना संरक्षण देतात, हे मी सांगितलं. पेसमेकर, कानात बसवलेलं इम्प्लांट, डोळ्यात गेलेला धातूचा कण यांबद्दल विचारून घेतलं. या निदानासाठी डायचं इंजेक्शन सहसा लागत नाही, हे कळल्यावर त्यांचा चेहरा सैल झाला. ल्युपसमुळे किडनीची भीती त्यांच्या मनात होतीच, त्यात डायची भर नको होती.

बोलता बोलता त्यांनी हळूच सांगितलं की स्टेरॉइडची गोळी त्यांनी मनाने अर्धी केली आहे. ही गोष्ट मला एमआरआयहून तातडीची वाटली. बरेच दिवस चाललेलं स्टेरॉइड अचानक कमी केलं तर जिवावर बेतू शकतं. त्याच दिवशी त्यांना ल्युपसच्या डॉक्टरांकडे पाठवलं.

एमआरआयमध्ये उजव्या डोक्यात मृत भागाची सीमारेषा स्पष्ट दिसली, आणि डावीकडेही एक छोटा भाग सापडला. उजवीकडे कूर्चेखाली भेग असल्याची शंका होती, म्हणून आता डॉक्टरांनी सीटी मागवला. भाऊ गोंधळले: ‘आधी नको म्हणालात ना?’ आधी हाड मरतंय का हे पाहायचं होतं. आता पृष्ठभाग तुटलाय का हे ठरवायचं होतं, आणि त्यावर पुढचा उपचार अवलंबून होता. भेग नव्हती, डोका गोल होता. म्हणून हाडात छिद्र पाडून आतला दाब कमी करण्याची शस्त्रक्रिया, म्हणजे कोअर डीकम्प्रेशन, करण्याजोगी होती आणि ती ठरली. डाव्या बाजूवर एमआरआयनेच लक्ष ठेवायचं ठरलं.

स्टेरॉइड बरेच दिवस चालू असेल, दारू जास्त होत असेल, सिकल सेलचा आजार असेल किंवा खुबा पूर्वी मोडला-निखळला असेल, तर जांघेतलं दुखणं सांगताना ही माहितीही डॉक्टरांना आपणहून द्या. एक्स-रे नॉर्मल येऊनही दुखणं थांबत नसेल, तर एमआरआयची गरज आहे का हे स्पष्ट विचारा. दुखापत अगदी ताजी असताना काढलेला एमआरआयसुद्धा नॉर्मल येऊ शकतो. तेव्हा तो पुन्हा कधी करायचा, हेही विचारून ठेवा.