नवी मुंबईतल्या आमच्या शाळेच्या सूचनांत कधी ‘इ. ५ वी’, कधी ‘पाचवी’ येतं. एकच पद्धत कशी आणायची?

शासनमान्य शुद्धलेखनाचे १८ नियम पाया धरा आणि त्यांत न येणाऱ्या गोष्टींसाठी शाळेपुरतं एक पान लिहून कार्यालयात लावा. मराठी साहित्य महामंडळाचे १४ नियम शासनाने १९६२ मध्ये स्वीकारले, १९७२ मध्ये आणखी ४ आले. ऱ्हस्व-दीर्घ आणि अनुस्वाराचे बहुतेक वाद तिथेच मिटतात. उदाहरणार्थ ‘विद्यार्थी’, पण ‘विद्यार्थिमंडळ’. इयत्ता, तारीख, वेळ मात्र तुम्हालाच ठरवावी लागेल. मी शाळेची परिपत्रकं तपासते, आणि पालकांची खरी धावपळ या तीन गोष्टींमुळेच होते. ‘५/६’ लिहिलं की कुणी ५ जून वाचतं, कुणी ५ आणि ६ तारीख. म्हणून महिना अक्षरात, वारासकट लिहा. दोन सत्रांची शाळा असेल तर ‘सकाळी’, ‘दुपारी’ कधीही गाळू नका. बसथांब्यांचंही एकदाच ठरवा:

- घणसोली की घनसोली
- कोपरखैरणे की कोपर खैरणे

विद्यार्थ्यांच्या नावांना मात्र हे नियम अजिबात लावू नका. जनरल रजिस्टरमध्ये, म्हणजे शाळेच्या प्रवेश नोंदवहीत, जशी नोंद आहे तशीच प्रत्येक कागदावर यायला हवी.