ड्रामा विषय घेऊन मुलीला नक्की काय मिळेल? (उत्तर लांबलंय, सांभाळून घ्या)

ताई, तुमचा प्रश्न असा की मुलीला नववीला ऐच्छिक विषय म्हणून ड्रामा घ्यायचाय, पण ती मुळात बुजरी आहे, आणि घरच्यांचं म्हणणं की त्यापेक्षा कॉम्प्युटर घे, नाटकं करून काय होणार. मी बरीच वर्षं याच वयाच्या मुलांना नाटक शिकवतोय म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी ते कॉन्फिडन्सचं बघू, कारण जो तो तेच सांगतो. खोटं नाही ते, पण त्यातून कळत काहीच नाही. एकतर धीट मुलं आपणहूनच नाटकाकडे वळतात आणि मग लोक म्हणतात बघा नाटकाने कशी धीट झाली. आणि दुसरं म्हणजे शाळेच्या कार्यक्रमात उभं राहून पाठ केलेलं म्हणून दाखवणं वेगळं आणि नाटक हा विषय म्हणून वर्षभर शिकणं वेगळं. कार्यक्रमाच्या नाटकात पालकांना दिसायला चांगलं पाहिजे असतं म्हणून सर सांगतात हात असा कर, इथे वळ, मुलं तसं करतात, संपलं. वर्गात निम्मा वेळ प्रयोगाचा विचारसुद्धा नसतो.

मला विचाराल तर या विषयातून मिळणारी खरी गोष्ट म्हणजे ऐकणं. आणि ऐकून समोरचा असं का वागतोय याचा अंदाज बांधणं. बाकी आवाज, उच्चार, उभं राहण्याची पद्धत, सगळं त्याच्या मागून येतं.

एक साधा खेळ सांगतो. दोन मुलं, आणि एकाला एकच वाक्य, "आलास तू?" पहिल्यांदा सगळी मुलं एकच करतात, राग असेल तर ओरडायचं आणि आनंद असेल तर हसायचं. मग मी भावनेचं नावच काढत नाही, फक्त विचारतो की तुला समोरच्याकडून आत्ता काय पाहिजे? त्याने बसावं, की लगेच निघून जावं, की टेबलावरच्या कागदाकडे त्याचं लक्ष जाऊ नये? हा प्रश्न माझा नाही, रशियन नाट्यदिग्दर्शक स्तानिस्लावस्कीचा, ज्याने 1898 मध्ये नेमिरोविच-दान्चेन्कोसोबत मॉस्को आर्ट थिएटर सुरू केलं, आणि आजही जगभरच्या वर्गांत तो रोज विचारला जातो. एका मुलाने "तो निघून जावा" हे धरलं आणि "आलास तू?" म्हणता म्हणता शेजारच्या खुर्चीवर स्वतःची बॅग ठेवली. आवाज अजिबात चढवला नाही. समोरचा मुलगा बसायला निघाला होता तो तिथेच थांबला आणि अख्ख्या वर्गाला कळलं काय झालं ते. हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं, काय हवंय ते पक्कं झालं की शरीर आपोआप काहीतरी शोधतं.

ऐकण्याचं म्हणाल तर नवी मुलं समोरच्याच्या वाक्याचे शेवटचे दोन शब्द पाठ करतात आणि ते येईपर्यंत नुसती उभी असतात. मी तालमीत गुपचूप एकाला सांगतो की तुझं वाक्य अर्थ तोच ठेवून बदलून टाक. त्या शब्दांची, म्हणजे क्यूची, वाट बघणारा पार गोंधळतो, ऐकणारा आरामात पुढे जातो. वर्षाच्या शेवटी बहुतेक जण पुढे जायला लागतात, आणि घरी आईबाबांशी बोलतानाही फरक पडतो असं पालकच येऊन सांगतात (भांडणंही जास्त मुद्देसूद होतात, ही तक्रार वेगळी).

मग हॉट सीटिंग. एक जण पात्र बनून खुर्चीत बसतो आणि बाकीचे त्याला प्रश्न विचारतात. समजा पात्र दुसऱ्यांना छळणारा मुलगा आहे. "मी वाईट आहे म्हणून छळतो" हे उत्तर चालत नाही, कारण स्वतःला वाईट समजून कुणी वागत नसतं, तेव्हा संहितेत शोधून कारण काढावं लागतं, आणि ते कुठल्या संवादावरून काढलं तेही सांगावं लागतं. ही सवय नंतर भाषेच्या आणि इतिहासाच्या पेपरात जशीच्या तशी उपयोगी पडते.

ब्राझीलचा नाट्यदिग्दर्शक ऑगस्टो बोआल याचं फोरम थिएटरही या वयाला फार जमतं. अन्यायाचा एक प्रसंग करून दाखवायचा, तो परत सुरू करायचा, आणि बघणाऱ्यांपैकी कुणीही "थांबा" म्हणून मुख्य पात्राच्या जागी येऊन वेगळं काहीतरी करून बघायचं. खाली बसून सगळे म्हणत असतात, सरळ टीचरला जाऊन सांगायचं ना, त्यात काय. वर आल्यावर छळणाऱ्याचे दोन मित्र दारात उभे दिसतात आणि मग कळतं की सांगायला जायचं तरी कसं. उपदेशाच्या तासाने हे होत नाही.

अभ्यासाने सिद्ध झालंय का? थोडंफार. थालिया गोल्डस्टीन आणि एलन विनर या मानसशास्त्रज्ञांनी 2012 मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात वर्षभर अभिनय शिकलेल्या मुलांची इतर कला शिकणाऱ्यांशी तुलना केली, तर अभिनयवाल्यांची सहानुभूती जास्त वाढलेली दिसली, आणि किशोरवयीन मुलांमध्ये दुसऱ्याच्या मनात काय चाललंय हे ओळखणंही. पण उगाच हवा करायला नको. शेलेनबर्ग या मानसशास्त्रज्ञाच्या 2004 च्या प्रयोगात 144 सहा वर्षांची मुलं होती, त्यात संगीत शिकणाऱ्यांचा बुद्ध्यंक किंचित जास्त वाढला, नाटकवाल्यांचा तसा नाही, त्यांचं इतरांशी वागणं मात्र सुधारलं. तेव्हा नाटकाने गणिताचे मार्क वाढतात असं कुणी सांगितलं तर सोडून द्या.

आता तुमची मुलगी बुजरी आहे त्याबद्दल. बुजऱ्या मुलांना स्वतः म्हणून बोलायची भीती असते, दुसऱ्या कुणाचं तरी नाव घेऊन बोलायची तेवढी नसते. आणि स्टेजवर यायलाच पाहिजे असंही नाही. इंग्लंडच्या जीसीएसईत (आपल्या दहावीसारखी परीक्षा) तर अभिनयाऐवजी प्रकाश, ध्वनी, वेशभूषा किंवा नेपथ्य घेऊन प्रात्यक्षिक देता येतं. ज्या मुलीने एकदा प्रयोगाचं बॅकस्टेज सांभाळलं, कुठल्या संवादाला कुठला लाइट, प्रॉपर्टी (नाटकात वापरायच्या वस्तू) कुठल्या विंगेत, एन्ट्रीला कोण तयार नाही, हे सगळं वहीत मांडून न ओरडता पार पाडलं, तिला पुढे कुठल्याही टीममध्ये घ्या.

लिखाण बरंच असतं हेही आधीच सांगून ठेवा तिला. त्याच जीसीएसईत 40 टक्के मार्क लेखी परीक्षेला आहेत, शिवाय स्वतः रचलेल्या नाटकाची प्रक्रिया लिहून (किंवा रेकॉर्ड करून) द्यावी लागते. मजा म्हणून आलेली मुलं इथे वैतागतात. ग्रुपचं कामही डोकेदुखीचं असतं, तालमीला न येणारा एक जण प्रत्येक ग्रुपमध्ये असतोच.

शिक्षक कसे आहेत यावर फार काही अवलंबून आहे. जिथे सर स्वतः करून दाखवतात आणि मुलं नक्कल करतात, किंवा दरवेळी त्याच तीन मुलांना रोल मिळतात, तिथे कॉम्प्युटर घेतलेलं बरं. आणि चौदा वर्षांच्या मुलांना स्वतःची घरची दुःखं आठवून रडायला लावणारे शिक्षक असतील तर मुलीला तिथे पाठवूच नका, अभिनयाला त्याची गरज नसते.

शक्य असेल तर तिला एक तास वर्गात बसू द्या. ज्यांचा त्या प्रवेशात रोल नाही ती मुलं काय करतायत ते बघायला सांगा, मोबाइलमध्ये असतील तर समजून जा. आणि प्रयोगाच्या तारखा वर्षाच्या सुरुवातीलाच विचारून घ्या, कारण शेवटचे दोनतीन आठवडे तालमी लांबतात आणि त्यात दुसऱ्या विषयाची परीक्षा आली की घरात जी काय रणधुमाळी होते ती तारखा माहीत असतील तर बरीच टळते.