लंडनच्या ट्रिपला जोडून दोन दिवसांत आयर्लंड बघून होईल का?

नाही होणार. आणि तुम्ही प्रश्नात पुढे जे लिहिलंय ना, "तसंही हिरवळ आणि पाऊस सोडून तिथे विशेष काही नाही असं ऐकलंय", ते वाचून उत्तर लिहायलाच बसले, कारण हे वाक्य मी आमच्या घरात कित्येक वर्षं ऐकतेय.

माझे मोठे दीर असेच लंडनच्या टूरला जोडून दोन दिवस जाऊन आले. एक दिवस डब्लिन, दुसऱ्या दिवशी पहाटे बस, क्लिफ्स ऑफ मोहर, रात्री परत. त्या दिवशी तिथे इतकं धुकं होतं की २१४ मीटरचा कडा आणि खालचा अटलांटिक, काहीच दिसलं नाही. झालं, तेव्हापासून आयर्लंड म्हणजे पैसे वाया. आम्ही २०१९ च्या सप्टेंबरमध्ये निघालो तेव्हाही सगळ्यांसमोर म्हणाले, पाऊसच बघायचा तर कुडाळला बसा की. आम्हालाही पहिल्या दिवशी धुकंच लागलं, पण आम्ही कड्याजवळच्या डूलिन गावात दोन रात्री राहिलो होतो म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी परत गेलो आणि धुकं असं उचललं गेलं की सासूबाई बराच वेळ काही बोलल्याच नाहीत. धुक्याचा दोष नाही हो, दोष परतीच्या बसचा.

पण मला सांगायचंय ते डिंगलचं. आयर्लंडच्या नैऋत्य टोकाला अटलांटिकमध्ये घुसलेली जमिनीची जीभ आहे ती, तिथे स्ले हेडचा रस्ता समुद्राच्या कडेकडेने जातो आणि दोन्ही बाजूंना नुसत्या दगडावर दगड रचलेल्या भिंती. आई, म्हणजे सासूबाईच, म्हणाल्या, "गो, हे तर आपलेच गडगे!" त्यांचं माहेर मालवण तालुक्यातलं, त्यांचा जन्म गडग्यांत गेलाय. तिथलं गॅलरसचं जुनं दगडी प्रार्थनास्थळ बघायला नेलं, उलट्या होडीसारखं दिसतं, चुना नाही काही नाही, तरी शेकडो वर्षं आत पाणी गळत नाही, तर आईंनी भिंतीला हात लावून सांधे तपासले. टूरमध्ये एवढा वेळ कोण देतं?

त्याच दिवशी दुपारी समोरून कॅम्पर आला म्हणून ह्यांनी गाडी डावीकडे घेतली आणि गडग्यातला बाहेर आलेला दगड टायरला लागला. साइडच फाटली. भाड्याच्या गाडीत स्टेपनी नव्हती, नुसतं पंक्चर किट, त्याचा अशा वेळी काही उपयोग नसतो. फोनला रेंज नाही, भुरभुर पाऊस, पाट्या सगळ्या आयरिशमध्ये कारण तो भाग गेलताख्त, म्हणजे आयरिश बोलणाऱ्या लोकांचा. एक ट्रॅक्टर गेला, चालवणाऱ्या म्हाताऱ्याने स्टिअरिंगवरचं एक बोट उचललं, तिकडे गावाकडच्या रस्त्यावर अनोळखी माणसालाही असाच नमस्कार करतात, आणि पुढे जाऊन थांबला, आणि ट्रॅक्टर रिव्हर्स घेत आला. टायर बघितला, गाडीत बसलेल्या आईंना बघितलं आणि म्हणाला, आधी ह्यांना घरी नेऊया, टायर कुठे जात नाही.

घर अगदी वळणावर होतं. त्याची थोरली बहीण, सत्तरीच्या पुढची. तिने आईंना थेट स्वयंपाकघरात चुलीपाशी बसवलं. चुलीत टर्फ, म्हणजे दलदलीतून कापून वाळवलेल्या मातीच्या विटा, आईंनी एक हातात घेऊन बघितली, शेणीएवढी हलकी आणि धुराचा वास तसाच गावाकडचा. चहा घेणार का? आई म्हणाल्या नको नको. तिने पुन्हा विचारलं. पुन्हा नको. तिसऱ्यांदा विचारलंच नाही, कपच ठेवला. आपल्याकडे जशी "नको" म्हणायची आणि ते न ऐकायची रीत आहे ना, हुबेहूब तीच. चहा कडक, दूध घातलेला, आणि तिने घरी भाजलेला ब्राऊन ब्रेड, यीस्ट नाही, सोडा आणि ताकावरचा, वर बोटभर लोणी. आईंना इंग्रजी जेमतेम येतं, ती बाई भावाशी आयरिशमध्ये आणि आमच्याशी इंग्रजीत बोलायची, तरी दोघींचं गुडघेदुखीवर बोलून झालं. कुठले तुम्ही म्हणाल्यावर मी मुंबईच्या खाली वगैरे सांगायला लागले तर तीच म्हणाली, म्हणजे लिओच्या वडिलांकडचे का? लिओ वराडकर तेव्हा त्यांचे पंतप्रधान होते, वडील मालवण तालुक्यातल्या वराडचे. आईंचं माहेर तिथून फार लांब नाही. मग काय, आईंनी पर्समधून मालवणी खाज्याचं पाकीटच काढून दिलं.

तोवर भावाने लँडलाइनवरून डिंगलच्या गॅरेजला फोन केला होता. दोनेक तासांनी टायर बसला. ह्यांनी म्हाताऱ्याच्या हातात वीस युरो ठेवायला बघितले तर त्याला ते आवडलं नाही, सरळ दिसलं तोंडावर. उरलेला ब्रेड बाईने कागदात बांधून दिला. आता भाऊजी म्हणतात, ते गोरे लोक, टुरिस्टचे पैसे मिळतात म्हणून गोड बोलतात. कुठले पैसे? त्या घरावर साधा बीअँडबीचा, म्हणजे पाहुण्यांना खोली भाड्याने देतात त्याचा, बोर्डसुद्धा नव्हता.

संध्याकाळी डिंगलमध्ये पबात गेलो. पब म्हटल्यावर आपल्याकडच्या बायका मागे सरतात, काही गरज नाही, आईंनी संत्र्याचा ज्यूस घेतला आणि कोणी वळूनही बघितलं नाही. स्टेज नसतं, वाजवणारे एका टेबलाभोवती बसतात, फिडल, कॉन्सर्टिना, आणि बोरान नावाचा बकऱ्याच्या कातड्याचा, आपल्या डफासारखा, फक्त छोट्या काठीने वाजवतात. मध्येच एका बाईने कशाचीही साथ न घेता आयरिशमध्ये गायला सुरुवात केली आणि अख्खा पब गप्प, बारवाला ग्लास भरायचा थांबला. गाण्यातला शब्द कळला नाही, आई डोळे पुसत होत्या.

तुमच्या प्रश्नाचं म्हणाल तर निदान सात दिवस काढा. डब्लिनला एक रात्र, ट्रिनिटी कॉलेजमधलं बुक ऑफ केल्स, म्हणजे जुनी चित्रांची हस्तलिखित पोथी, बघा, टेम्पल बार नावाच्या टुरिस्ट भागात जेवू नका, महाग पडतं. बाकी सगळे दिवस पश्चिमेला, डूलिन दोन, डिंगल तीन. सकाळी निघताना बेत पक्का करू नका, कोणी बोलायला थांबलं तर थांबा. गाडी आपल्यासारखी डावीकडूनच चालते पण रस्ते फार अरुंद, लहान गाडी घ्या.

व्हिसाचं राहिलंच. यूकेचा व्हिसा आहे म्हणून आयर्लंड चालतंच असं नाही, त्यावर बीआयव्हीएस (ब्रिटिश-आयरिश व्हिसा स्कीम) लिहिलेलं असेल तर आधी यूकेत उतरून मग जाता येतं, नसेल तर वेगळा काढा. युरोपातल्या बाकी देशांचा शेंगेन व्हिसा चालत नाही. उलट जायंट्स कॉजवे, म्हणजे आपल्या अंधेरीच्या गिल्बर्ट हिलसारखेच बेसॉल्टचे खांब पण हजारोंनी, ते नॉर्दर्न आयर्लंडमध्ये, म्हणजे यूकेत, सीमेवर कोणी अडवत नाही पण यूकेचा व्हिसा, नाहीतर बीआयव्हीएस लिहिलेला आयरिश व्हिसा लागतोच. शाकाहारी असाल तर व्हेज सूपमध्ये चिकनचा स्टॉक नाही ना हे विचारून घ्या. आणि हेही सांगायला हवं की सगळे त्या भावंडांसारखे असतात असं नाही, २०२५ मध्ये डब्लिनमध्ये भारतीयांवर हल्ले झाले, आपल्या दूतावासाला सूचना काढावी लागली होती, तेव्हा शहरात रात्री उशिरा सुनसान ठिकाणी एकटं फिरू नका.

आणि खरंच दोनच दिवस असतील तर ते लंडनलाच घालवा, आयर्लंड पुढच्या वर्षी करा.