बॅलन्सशीटमध्ये 18 कोटींची मालमत्ता दिसतेय, मग 90 दिवसांची उधारी द्यायला हरकत नाही ना?

तुमच्या प्रश्नावरून मला समजलं ते असं, भोसरीत तुमचं छोटं मशिनिंगचं वर्कशॉप आहे, चाकणची एक प्रायव्हेट लिमिटेड कंपनी रेग्युलर काम द्यायला तयार आहे पण 90 दिवसांची उधारी मागतेय, आणि भरवसा बसावा म्हणून त्यांनी बॅलन्सशीट पाठवलीय. त्यात एकूण मालमत्ता 18 कोटी. मी पुण्यातच अशा कंपन्यांचे अकाउंट्स बघते म्हणून सविस्तर लिहितेय, कारण 18 कोटी ह्या आकड्यावरून तुमचं बिल वेळेवर निघेल का हे अजिबात कळत नाही.

मालमत्तेची बेरीज नेहमी भांडवल अधिक देणी एवढीच असते, दोन्ही बाजू जुळाव्याच लागतात. त्या कंपनीने उद्या आणखी 5 कोटी कर्ज काढून मशीन आणलं तर मालमत्ता 23 कोटी होईल आणि मालकाच्या खिशातून त्यात रुपयाही गेलेला नसेल. त्यामुळे आधी वरचा भाग वाचा, म्हणजे पैसा कुणाचा आहे ते. तुम्ही दिलेल्या आकड्यांत भागभांडवल 1 कोटी, रिझर्व्ह (साठवलेला नफा) 1.80 कोटी, म्हणजे मालकांचे स्वतःचे 2.80 कोटी झाले. बँकेचं टर्म लोन (अनेक वर्षांत हप्त्यांनी फेडायचं कर्ज) 4.20 कोटी, सीसी (कॅश क्रेडिट, रोजच्या व्यवहारासाठी बँकेची उचल) 4 कोटी, सप्लायर्सची देणी 5.50 कोटी, इतर देणी 1.50 कोटी. सप्लायर्सचे पैसे मालकांच्या पैशाच्या जवळजवळ दुप्पट अडकलेत बघा! ही कंपनी तुमच्यासारख्यांच्या उधारीवर चालतेय, आणि तुम्ही 90 दिवस दिलेत की त्यात तुमचीही भर पडणार.

आता खालचा भाग, म्हणजे तो पैसा कशात गुंतलाय ते. फिक्स्ड ॲसेट्स 7 कोटी, म्हणजे शेड, मशिनरी, गाड्या, फर्निचर वगैरे. हा आकडा बाजारभाव नसतो, खरेदीच्या किमतीतून घसारा (वापरामुळे दरवर्षी कमी धरलेली किंमत) वजा करून जे उरतं ते असतं. कंपनी कायद्याच्या शेड्यूल 2 प्रमाणे साध्या मशिनरीचं आयुष्य 15 वर्षं धरतात आणि शेवटी जास्तीत जास्त 5 टक्के किंमत शिल्लक ठेवतात. म्हणजे 40 लाखांचं व्हीएमसी (कॉम्प्युटरवर चालणारं मशिनिंगचं मशीन) दरवर्षी समान घसारा धरून 6 वर्षांनी पुस्तकात साधारण 24.80 लाखांना दिसेल (दोन शिफ्टमध्ये पळवत असतील तर घसारा दीडपट), पण सेकंडहँड बाजारात त्याला किती मिळतील ते तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं सांगाल. जागेचं कधी उलटं असतं, जुनी घेतलेली जागा पुस्तकात जुन्याच भावाने असते आणि आज भाव कितीतरी पट असतो, त्यामुळे लोक म्हणतात की अहो नुसती जागाच केवढ्याची आहे! पण एमआयडीसीचा प्लॉट बहुतेक 95 वर्षांच्या लीजवर असतो, ट्रान्सफरला एमआयडीसीची परवानगी आणि पैसे लागतात, आणि बहुतेक वेळा तो आधीच बँकेकडे तारण असतो. कोणाचा किती बोजा आहे ते एमसीएच्या (केंद्राच्या कंपनी मंत्रालयाच्या) साइटवर कंपनीच्या नावाने इंडेक्स ऑफ चार्जेसमध्ये (तारणांच्या यादीत) दिसतं, ते आजच बघा.

तुमच्यासाठी खरा मामला करंट ॲसेट्सचा आहे, म्हणजे वर्षभरात ज्याचे पैसे व्हायला पाहिजेत ते. स्टॉक 4.50 कोटी, येणी 5 कोटी, ॲडव्हान्स आणि डिपॉझिट्स 1.30 कोटी, रोख आणि बँकेत 20 लाख, मिळून 11 कोटी. आणि वर्षभरात द्यायची देणी किती? सीसी, सप्लायर्स आणि इतर मिळून तीही 11 कोटीच. म्हणजे करंट रेशो (करंट ॲसेट्स भागिले वर्षभरात द्यायची देणी) बरोबर 1, जिथे आपल्याकडचे बँकवाले साधारण 1.33 तरी मागतात. स्टॉक बाजूला काढला तर 11 कोटींच्या देण्यासमोर 6.50 कोटीच उरतात. ह्यात एखाद्या मोठ्या गिऱ्हाईकाने पेमेंट महिनाभर लांबवलं तरी सगळ्यात आधी तुमच्यासारख्या छोट्याला "पुढच्या आठवड्यात बघू" ऐकायला मिळतं.

त्यातही येणी 5 कोटी म्हणजे 5 कोटी येणार असं धरू नका. 2021-22 पासून कंपन्यांना येण्यांचं वय (किती दिवस थकलीत ते) नोट्समध्ये, म्हणजे बॅलन्सशीटला जोडलेल्या खुलाशांत द्यावं लागतं, 6 महिन्यांच्या आतली किती, 6 महिने ते 1 वर्ष किती, मग 1 ते 2, 2 ते 3 आणि 3 वर्षांच्या वरची किती, शिवाय वादातली वेगळी. 3 वर्षं जुनं येणं अजून मालमत्तेत धरून बसलेत का ते तिथे लगेच कळतं. स्टॉकचंही तसंच, नियमाने तो खरेदी-उत्पादनाचा खर्च किंवा विकून मिळेल ती किंमत यातल्या कमी आकड्याला दाखवायचा असतो, पण बंद पडलेल्या मॉडेलचे पार्ट्स जुन्याच भावाने पडून असतात हे मी बऱ्याच ठिकाणी बघितलंय. रोख तरी खरी असते असं वाटतं ना, तर सत्यम ही आयटी कंपनी आठवा, जानेवारी 2009 मध्ये कळलं की रोख आणि बँक शिल्लक म्हणून दाखवलेल्या 5,361 कोटींपैकी 5,040 कोटी नव्हतेच. चाकणची कंपनी तसली आहे असं मी मुळीच म्हणत नाही, पण ऑडिटरचा रिपोर्ट आणि नोट्स न वाचता नुसतं पहिलं पान बघू नका. आणि तारीख बघा, हे 31 मार्चचे आकडे आहेत, मार्चएंडला वसुली जोरात असते, त्यामुळे जुलै-ऑगस्टची परिस्थिती वेगळी असू शकते.

तुमच्या सगळ्यात कामाची नोट ट्रेड पेएबल्सची, म्हणजे सप्लायर्सच्या देण्यांची. तिथे सूक्ष्म आणि लघु उद्योगांची देणी वेगळी दाखवावी लागतात आणि त्यांचंही वय द्यावं लागतं. एक वर्षाच्या वरचा आकडा मोठा असेल तर तुमच्या आधीच्या सप्लायर्सना ते कसे वागवतात हे त्यांनी स्वतःच लिहून दिलंय.

तुमचं उद्यम रजिस्ट्रेशन (सूक्ष्म, लघु, मध्यम उद्योगांची सरकारी नोंदणी) आहे का? नसेल तर काम सुरू करायच्या आधी करा आणि नंबर बिलावर छापा. 2006 च्या एमएसएमईडी कायद्याप्रमाणे लेखी करार असला तरी 45 दिवसांच्या पुढे उधारी मागता येत नाही, करार नसेल तर 15 दिवस, आणि उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ, व्याज लागतं. शिवाय 2023-24 पासून असं पेमेंट मुदतीत केलं नाही आणि वर्ष संपेपर्यंत थकलं तर इन्कम टॅक्समध्ये त्या खर्चाची वजावट त्यांना त्या वर्षी मिळत नाही, प्रत्यक्ष पैसे देतील त्या वर्षी मिळते. हे त्यांच्या अकाउंटंटला चांगलं माहीत असणार, त्यामुळे 45 दिवस मागताना संकोच करू नका, तो तुमचा हक्क आहे.

कारण कंपनी बुडालीच तर मालमत्तेतून सगळ्यांना सारखं मिळत नाही. दिवाळखोरी संहितेच्या कलम 53 मध्ये रांग ठरलेली आहे, आधी प्रक्रियेचा खर्च, मग कामगारांचे 24 महिन्यांचे पगार आणि तारण असलेली बँक, आणि तुमच्यासारखा सप्लायर बराच खाली. तुमची थकबाकी 1 कोटीच्या आत असेल तर त्या संहितेखाली अर्जसुद्धा करता येत नाही.

मी तुमच्या जागी असते तर काम घेतलं असतं, पण 45 दिवसांवर, पहिले दोन-तीन लॉट छोटे ठेवून, आणि आधीचं बिल क्लिअर झाल्याशिवाय पुढचा माल पाठवला नसता. उधारीची एकूण लिमिटही ठरवा, एवढे पैसे बुडाले तरी कामगारांचा पगार आणि मशीनचा हप्ता निघेल इतकीच. त्यांच्याकडून नोट्सची पानं मागून घ्या, कंपनीचं नाव झाकून येण्या-देण्यांच्या वयाचे दोन तक्ते इथे टाकलेत तर मी बघून सांगते.