पूनावाला म्हणजे घोडेवाले की लसवाले?

प्रश्न : हडपसरला राहायला येऊन दोन वर्षं झाली. सोली पूनावाला रोड कोणाच्या नावाचा असं शेजारच्या काकांना विचारलं तर म्हणाले रेसच्या घोड्यांवाले, आमचा मुलगा म्हणतो छे, कोरोनाच्या लशीवाले. नक्की कोण?
– एक वाचक, हडपसर

उत्तर : काकांचं बरोबर आहे, मुलगा पुढच्या पिढीचं सांगतोय. सोली पूनावाला म्हणजे सायरस पूनावालांचे वडील, त्यांनी १९४६ साली पुण्यात स्टड फार्म काढलं. स्टड फार्म म्हणजे रेसचे घोडे जन्माला घालायची जागा. काम फार सबुरीचं, कारण थरोब्रेडमध्ये, म्हणजे रेसच्या घोड्यांच्या जातीत, कृत्रिम रेतन चालतच नाही, घोडा-घोडीचा संबंध प्रत्यक्षच व्हावा लागतो, मग अकरा महिने वाट बघा, तेव्हा कुठे एक शिंगरू, आणि ते पळेलच याची गॅरंटी कोणी द्यायची!

आता जे घोडे रेसच्या कामाचे राहत नाहीत त्यांचं काय, तर पूनावालांकडचे असे घोडे मुंबईच्या हाफकिन इन्स्टिट्यूटला, म्हणजे लशी आणि सिरम बनवणाऱ्या सरकारी संस्थेला, जायचे. तिथे निष्प्रभ केलेलं धनुर्वाताचं विष घोड्याला थोडं थोडं वाढवत टोचत जायचे, त्याच्या अंगात प्रतिपिंडं (त्या विषाला अडवणारी प्रथिनं) तयार झाली की मानेच्या शिरेतून रक्त काढायचं, ते बाटलीत गोठून खाली बसलं की वर पिवळसर पाणी राहतं, तेच सिरम. म्हणजे लस नव्हे बरं का. लस आपल्या शरीराला प्रतिपिंडं बनवायला शिकवते, सिरम ती आयती देतं.

सायरसना तेव्हा वाटायचं की समाजवादी भारतात रेसच्या घोड्यांना काही भविष्य नाही. मित्राबरोबर स्पोर्ट्स कार बनवून पाहिली, ती जॅग्वारची नक्कल होती, पण धंदा म्हणून काढायला पैसा लागला असता अफाट. मग लक्षात आलं की घोडे आपलेच आणि सिरमही त्यांच्याच रक्तातून निघतं, मग आपणच का नाही बनवायचं? १९६६ साली ‘सिरम इन्स्टिट्यूट’ ही कंपनी काढली, सुरुवात धनुर्वाताच्या सिरमने, लशी नंतर आल्या. नावात ‘सिरम’ आहे ते म्हणूनच, लोक उगाच ‘सीरम लस’ म्हणतात.

आणि घोडे काही सुटले नाहीत हां, पूनावालांच्या घोड्यांनी पुढे मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सवर इंडियन डर्बी या मोठ्या शर्यतीही मारल्यात, काकांना विचारा, एखादी पाहिली असेल त्यांनी.