बाबांच्या पोटात कॅल्क्युलस

प्रश्न : यजमानांच्या सोनोग्राफीच्या रिपोर्टात ‘लेफ्ट रीनल कॅल्क्युलस, 6 मिमी’ असं आलंय, म्हणजे डाव्या किडनीत मुतखडा. बारावीतली लेक म्हणते, “बाबा, माझं मॅथ्स तुमच्या किडनीत!” हसलो खरे, पण दोन्हीकडे एकच शब्द कसा?
– एक वाचक, लालबाग

उत्तर : ताई, लेकीने थट्टेत खरं तेच सांगितलं. मी तीस वर्षं गिरगावात गणितातलं कॅल्क्युलस शिकवलं, पण शब्दाचं मूळ शोधलं ते स्वतःला मुतखडा झाल्यावर. दुखण्याचा तेवढाच फायदा!

लॅटिनमध्ये ‘काल्क्स’ म्हणजे चुना, चुनखडी. आपण लोट्याची लोटी करतो, तसं काल्क्सचं लहान रूप ‘काल्क्युलस’, म्हणजे बारीक खडा. डॉक्टरांनी तोच अर्थ ठेवला. दातांवरच्या किटणालाही दंतवैद्य कॅल्क्युलसच म्हणतात.

गणितात खडा शिरला तो हिशेबामुळे. रोमन लोक पाटीवर खडे सरकवून आकडेमोड करत. आमची आजी सोमवतीला पिंपळाला 108 प्रदक्षिणा घालायची, तेव्हा ओच्यात खडे घ्यायची आणि दर फेरीला एक पारावर ठेवायची. अगदी तीच रीत. पुढे खडा मागे पडला आणि ‘काल्क्युलस’चा अर्थ उरला नुसता हिशेब, कॅल्क्युलेटर त्यातलाच. 1684 मध्ये जर्मन गणिती लायब्नित्सने आपलं नवं गणित लॅटिनमध्ये छापलं, त्या लेखाच्या लांबलचक नावातही हा शब्द आहे. न्यूटन त्याच गणिताला ‘फ्लक्शन्स’ म्हणे. ते नाव टिकलं असतं, तर तुमच्या घरातला विनोद हुकला असता.

आता कोणीतरी सांगेलच, की आपल्या विकलन-संकलनातलं (कॅल्क्युलसच्या दोन भागांची मराठी नावं) ‘कलन’ हेच कॅल्क्युलसचं मूळ. मोह मलाही झाला होता. पण संस्कृतात मोजणे या अर्थाचा ‘कल्’ धातू स्वतंत्र आहे आणि लॅटिन शब्द चुनखडीतून आलाय. उच्चार जुळला म्हणून सोयरीक जुळत नाही.

बहुतेक मुतखड्यांत कॅल्शियम असतं. इंग्रज रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्हीने 1808 मध्ये त्या धातूला नाव दिलं, तेही काल्क्सवरूनच. आणि ज्या चॉकने मी फळ्यावर कॅल्क्युलस लिहायचो, तो ‘चॉक’सुद्धा तिथलाच.